फार्मासिस्टच्या कामाची दखल

लिहून दिलेले औषध, त्याची मात्रा आणि ते घेण्याची रीत या रुग्णाला योग्य आहे का, हे तपासून मगच ते हाती देणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे फार्मासिस्ट. मराठीत औषधनिर्माता, औषधतज्ज्ञ असे शब्द आहेत, पण बोलताना आपण सर्रास ‘केमिस्ट’ म्हणतो. त्या शब्दाने डोळ्यांपुढे दुकान उभे राहते आणि तपासणी नजरेआड होते. आरोग्यसेवेत या तपासणीला मान कसा मिळतो, कुठे मिळत नाही आणि तो कशा रूपात मिळायला हवा, हा या नोंदीचा विषय आहे.

कामाचे स्वरूप : एक प्रसंग घेऊ. संधिवाताच्या रुग्णाची चिठ्ठी समोर येते. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि पुढे ‘रोज १’. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते, जंतुसंसर्गाशी लढायला पुरेशा पांढऱ्या पेशी उरत नाहीत. या एका चुकीने माणसे दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. फार्मासिस्ट गोळ्यांना हात लावण्याआधी विचारतात, ‘डॉक्टरांनी कुठला वार सांगितला होता का?’ रुग्णाला आठवत नाही. मग डॉक्टरांना फोन जातो, चिठ्ठी दुरुस्त होते, पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असे ठळक अक्षरांत लिहिले जाते आणि तो वार रुग्णाच्या तोंडून एकदा वदवून घेतला जातो. मागे रांग वाढलेली असते, कुणीतरी कुरकुरत असते. रुग्ण घरी जातो आणि त्याला काहीही होत नाही.

हे ‘काहीही न होणे’ कुठल्याच कागदावर येत नाही आणि या कामाची दखल घेण्यातली खरी अडचण तीच आहे. चुकीचे औषध दिले गेले तर चौकशी होते, बातमी होते. अडवलेली चूक मात्र रुग्णालाही कळत नाही. त्याच्या लेखी त्या दिवशी गोळ्या मिळायला जरा उशीर झाला, एवढेच.

अशा जागा रोज येतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध दिले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल हे लैंगिक दुर्बलतेवरचे औषध घेतले तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून ती काही तास दूर ठेवावी लागते, नाहीतर ती अंगी नीट लागत नाही. मग तपासणीचे आकडे बिघडतात आणि मात्रा उगाच वाढवली जाते. सारख्या दिसणाऱ्या वेष्टनांची आणि सारख्या ऐकू येणाऱ्या नावांची गल्लत हा तर वेगळाच धोका. म्हणूनच अशी औषधे शेजारी-शेजारी ठेवायची नाहीत, असा शिरस्ता अनेक ठिकाणी पाळतात.

लहान मुलांच्या औषधांत जोखीम सर्वांत नाजूक असते. मात्रा वजनावर ठरते, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की ती दहापट होते. थेंबांचे औषध आणि पातळ औषध एकाच नावाचे असले तरी त्यांची तीव्रता फार वेगळी असू शकते. रात्रभर जागलेल्या आईच्या हातात मोजायची सिरिंज देऊन ‘इथपर्यंत, या रेघेपर्यंत’ असे बोट ठेवून दाखवणे ही त्या क्षणाची सर्वांत मोठी सेवा असते. घरातल्या चमच्यांचे माप एकसारखे नसते, हेही तेव्हाच सांगावे लागते.

रुग्णालयातल्या फार्मासिस्टची तर रुग्णाशी गाठही क्वचितच पडते. कर्करोगावरची इंजेक्शने निर्जंतुक कक्षात हातमोजे आणि गाऊन घालून तयार करणे, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांची मात्रा मोजून कमी करणे, अतिदक्षता विभागात एकाच नळीतून जाणारी दोन द्रावणे एकमेकांशी जुळतात का हे पाहणे, ही कामे भिंतीपलीकडे चालतात.

इतिहास : औषध लिहिणारा आणि औषध देणारा वेगळा असावा, हा विचार जुना आहे. आठव्या-नवव्या शतकांतल्या बगदादमध्ये औषधांची स्वतंत्र दुकाने होती. युरोपात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात कायद्याने हे दोन व्यवसाय वेगळे केले आणि वैद्यांना औषधविक्रेत्यांशी भागीदारी करण्यास मनाई केली. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या नजरेत यावे, ही या विभागणीची मोठी देणगी.

पुढे औषधालयांच्या मागच्या खोल्यांत रसायनशास्त्र वाढले. क्लोरीन वायू प्रथम तयार करणारा कार्ल शेले (१७७४) स्वीडनमधला औषधनिर्माता होता. अफूपासून मॉर्फिन वेगळे करणारा फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर हा जर्मनीतल्या औषधालयातला तरुण मदतनीस. १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारे पेल्तिए आणि काव्हाँतू हेही पॅरिसचे औषधनिर्मातेच. विसाव्या शतकात गोळ्या कारखान्यांत बनू लागल्या आणि खलबत्ता बाजूला पडला. ‘आता उरले काय, पट्टी कापून देणे?’ हा प्रश्न तेव्हापासून या व्यवसायाला चिकटला.

त्याचे ठोस उत्तर १९९० मध्ये चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड या अमेरिकी प्राध्यापकांनी मांडले. त्यांच्या ‘औषधोपचार-काळजी’ या संकल्पनेनुसार फार्मासिस्टची जबाबदारी औषध हाती दिल्यावर संपत नाही. त्या औषधाने रुग्णाचे जगणे सुधारले का, इथपर्यंत ती जाते. आजचे अभ्यासक्रम या विचाराला धरूनच चालतात.

दखलीची रूपे : आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघ २५ सप्टेंबर १९१२ रोजी हेग येथे स्थापन झाला. २००९ मध्ये इस्तंबूलच्या अधिवेशनात, तुर्की सदस्यांच्या सूचनेवरून, हीच तारीख जागतिक फार्मासिस्ट दिन म्हणून ठरली. त्या दिवशी सत्कार होतात, व्याख्याने होतात. ते व्हावेतच, वर्षभर काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला नावाने हाक मारून कुणी आभार मानले तर ते मनाला भिडते. पण या कामाचे मोल ओळखणारी पावले प्रस्तुत लेखकाच्या मते कायद्यात आणि हिशेबाच्या वहीत सापडतात.

जपानचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या फार्मासिस्ट कायद्याच्या कलम २४ नुसार चिठ्ठीत काही शंकास्पद वाटले तर डॉक्टरांना विचारून शंका मिटवल्याशिवाय औषध देता येत नाही. म्हणजे मघाचा तो फोन तिथे कर्तव्य ठरतो, आणि फोन करणाऱ्याला ‘तुम्ही कोण विचारणार?’ असे म्हणायला जागा राहत नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून पात्र फार्मासिस्टना स्वतंत्रपणे औषधे लिहिता येतात, तर कॅनडातील आल्बर्टा प्रांताने २००७ मध्ये असा अधिकार दिला.

मोबदल्याचा मुद्दा याहून कळीचा आहे. पैसे फक्त विकलेल्या औषधाचे मिळत असतील, तर ‘ही गोळी तुम्हाला नको’ असे सांगणाऱ्याचे नुकसानच होते. ऑस्ट्रेलियात २००१ पासून रुग्णाच्या घरी जाऊन सगळी औषधे तपासण्याचे वेगळे मानधन मिळते. इंग्लंडमध्ये २०११ पासून दीर्घकालीन आजाराचे नवे औषध सुरू झालेल्यांशी पहिल्या काही आठवड्यांत ठरवून बोलण्याची सेवा आहे. लोक गोळ्या मध्येच सोडतात ते बहुधा याच काळात: कोरडा खोकला लागतो, चक्कर येते, आणि विचारायला कुणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले, त्यातही अशा संवादावर भर होता.

तिसरे रूप नोंदींचे. अनेक रुग्णालयांत फार्मासिस्टने सुचवलेला प्रत्येक बदल लिहून ठेवतात: काय आढळले, कुणाला कळवले, बदल झाला का. या वहीमुळे न घडलेल्या अपघातांनाही तारीख आणि वेळ मिळते. मात्र त्यासाठी रुग्णाचे तपासणी-अहवाल फार्मासिस्टना पाहता आले पाहिजेत. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा माहीत नसताना मूत्रपिंडाला झेपेल अशी मात्रा कुणीही तपासू शकत नाही.

रुग्णाच्या बाजूने होणारी मदत साधी आहे. घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून फार्मासिस्टपुढे रिकामी करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुजली आहे. टेबलावर पट्ट्या पसरतात. मुदत संपलेल्या वेगळ्या होतात, शेजाऱ्याने दिलेल्या वेगळ्या. मग दोन निरनिराळ्या नावांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या जातात आणि मागची बारीक अक्षरे वाचल्यावर दोन्हींत रक्तदाबाचे एकच औषध निघते, दोन डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत लिहिलेले. सकाळी उठल्यावर तोल का जातो, हे पिशवी घेऊन आलेल्या आजोबांना तिथे पहिल्यांदा कळते, आणि कुठली पट्टी बंद करायची हे विचारण्यासाठी फार्मासिस्ट फोन उचलतात.