कॉम्प्युटरचं उत्तर बरोबर, पण नेमकं कुठल्या प्रश्नाचं?

परवा विश्रामबागला आत्याकडं गेलो होतो, भाचीच्या लग्नाचं चाललंय, टेबलावर पत्रिकेचं प्रिंटआउट पडलेलं. ग्रहांचे अंश, कला, विकला सगळं छापलेलं. मी काही बोलायच्या आधीच आत्या म्हणाली, "अरे, ही कॉम्प्युटरनं काढलीय, चुकणार कशी?" हे वाक्य सांगलीत मी बँकेत ऐकलंय, हळदीच्या पट्टीवर वाद झाला तेव्हा मार्केट यार्डात ऐकलंय आणि इंजिनिअरिंगच्या पोरांकडून तर रोजच ऐकतो. कॉम्प्युटर चुकतो, जवळजवळ प्रत्येक दशांशाच्या गणितात थोडासा चुकतोच, आणि तरीही त्याच्यावर विश्वास कधी ठेवायचा हे ज्या माणसानं आपल्याला शिकवलं त्याचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. जेम्स विल्किन्सन. इंग्लंडमधला गणितज्ञ, जन्म २७ सप्टेंबर १९१९.

कॉम्प्युटरकडं आकडा ठेवायला ठराविकच जागा असते. १ भागिले ३ केलं तर ०.३३३३ कुठंतरी तोडावंच लागतं, उरलेली शेपटी गेली. याला म्हणायचं राउंडिंग एरर. एक शेपटी गेली तर काही बिघडत नाही, पण लाखो बेरजा-गुणाकार एकापाठोपाठ एक झाले तर? १९४० च्या दशकात मोठमोठी माणसं याला घाबरलेली होती. हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये अंदाज मांडला की एकसामयिक समीकरणं सोडवताना प्रत्येक वाढीव समीकरणामागं चूक चौपट होऊ शकते. म्हणजे १८ समीकरणांना ४ चा १७ वा घात, १७०० कोटी पटींच्या वर! तसं असेल तर सगळं मुसळ केरात.

विल्किन्सन १९४६ मध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत आला, अर्धा वेळ अॅलन ट्युरिंगच्या, म्हणजे कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या गणितज्ञाच्या हाताखाली. तिथं नेमकी १८ समीकरणांची एक सिस्टिम आली आणि फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन अशा चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर ती सोडवली, साधारण दोन आठवडे लागले. उत्तरं परत मूळ समीकरणांत घालून बघितली तर डावी-उजवी बाजू चक्क जुळली. १७०० कोटी पटींची भीती गेली कुठं? या प्रश्नाचा विल्किन्सननं पुढं अनेक वर्षं पिच्छा पुरवला.

आता जरा वही-पेन घ्या, दहावीचंच गणित आहे.

०.०००१क्ष + य = १
क्ष + य = २

खरं उत्तर क्ष जवळजवळ १ आणि य पण जवळजवळ १. आपला कॅल्क्युलेटर गरीब आहे, त्याला तीनच सार्थ अंक ठेवता येतात असं समजू. नेहमीच्या पद्धतीनं पहिल्या समीकरणाला १०००० नं गुणा आणि दुसऱ्यातून वजा करा, येतं −९९९९य = −९९९८. तीन अंकांत दोन्ही −१०००० होतात, म्हणून य = १. हे ठीक आहे. आता य पहिल्या समीकरणात टाका, ०.०००१क्ष = ०, म्हणजे क्ष = ०. साफ चुकलं!

आता फक्त समीकरणांची जागा बदला, क्ष + य = २ वर घ्या. त्याची ०.०००१ पट खालच्यातून वजा केली की ०.९९९९य = ०.९९९८ येतं, तीन अंकांत १य = १, मग य = १ आणि क्ष = २ − १ = १. तोच कॅल्क्युलेटर, तेच तीन अंक, फक्त मोठा सहगुणक वर आणला. याला पिव्होटिंग म्हणतात.

आणि इथंच विल्किन्सनची ती कल्पना आहे जिच्यावर माझा जीव आहे. उत्तर किती चुकलं हे तो आधी विचारत नाही, तो विचारतो की हे आलेलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं तंतोतंत बरोबर उत्तर आहे? पहिल्या वेळी आपण −९९९९ चं −१०००० केलं, म्हणजे दुसऱ्या समीकरणातला य चा सहगुणक १ खाऊन टाकला आणि तसंच उजवीकडचे २ पण खाल्ले. आपण खरं तर सोडवलं ते "क्ष = ०"! दुसरं समीकरणच गायब झालं. दुसऱ्या वेळी बघा, क्ष = १, य = १ हे ०.०००१क्ष + १.०००१य = १.०००२ आणि क्ष + य = २ या जोडीचं अगदी अचूक उत्तर आहे. म्हणजे आपण शेजारचाच प्रश्न बरोबर सोडवला, मूळच्या आकड्यांत दहा हजारात एक-दोन इतकाच फरक करून. आणि मूळचे आकडे तरी कुठून येतात, कुणीतरी टेपनं किंवा काट्यावर मोजलेलेच ना, त्या मोजण्यातच याहून मोठी चूक असते. मग कॉम्प्युटरला दोष द्यायचं कारणच उरत नाही. या विचाराची बीजं इतरांच्याही कामात सापडतात, पण बॅकवर्ड एरर अॅनालिसिस म्हणून त्याचं पूर्ण शास्त्र केलं ते विल्किन्सननं, १९६३ आणि १९६५ च्या त्याच्या दोन पुस्तकांत. फक्त ओळी बदलायच्या पिव्होटिंगमध्येसुद्धा n समीकरणं असतील तर मधले आकडे वाईटात वाईट २ च्या (n−१) व्या घाताइतक्या पटींनी फुगू शकतात हे त्यानं स्वतःच उदाहरण देऊन दाखवलं, आणि प्रत्यक्षातल्या मॅट्रिक्समध्ये (म्हणजे समीकरणांच्या सहगुणकांच्या चौकटीत) तसं जवळजवळ कधी होत नाही हेही.

पण कधीकधी प्रश्नच नाजूक असतो. उसाच्या रानातल्या दोन पाणंदी काटकोनात छेदत असतील तर एक हातभर सरकली तरी चौक हातभरच सरकतो, पण दोन्ही जवळजवळ समांतर जात असतील तर तोच चौक कुठल्या कुठं जातो. विल्किन्सननं १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी घेतली, त्यातला −२१० हा एक सहगुणक फक्त २ च्या −२३ व्या घातानं, म्हणजे १ भागिले साधारण ८४ लाख एवढ्यानं बदलला. वीसपैकी दहा मुळं वास्तव राहिलीच नाहीत, संमिश्र (कॉम्प्लेक्स) झाली. अशा ठिकाणी कॉम्प्युटर कितीही चांगला घ्या, दिलेले आकडेच तेवढे पक्के नसतील तर उत्तरातल्या अंकांना अर्थ नाही.

आता पत्रिकेकडं या. जन्मवेळ काय लिहिलीय, तर "पहाटे चारच्या सुमारास". लग्नबिंदू, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशिचक्रातला बिंदू, साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे दहा मिनिटं इकडंतिकडं झाली की अडीच अंश गेले, आणि छापलंय विकलांपर्यंत, एका अंशाचा ३६०० वा भाग! ते आकडे कुठल्यातरी दुसऱ्याच जन्मवेळेचे तंतोतंत आहेत एवढंच. आणि वेळ सेकंदापर्यंत पक्की असली तरी पत्रिकेवरून माणूस कळत नाही. जयंत नारळीकर आणि आपल्या साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांबरोबर याची रीतसर चाचणी घेतली होती, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा पत्रिका मिसळून दिल्या, २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० येतात. आत्याला हे सगळं त्याच प्रिंटआउटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून दाखवलं, पाणंदीचं तिला लगेच पटलं, ४६ टक्क्यांवर मात्र अजून आमचं एकमत व्हायचंय.

विल्किन्सनला १९६९ मध्ये रॉयल सोसायटीनं फेलो केलं, १९७० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर १९८६ ला तो गेला. १९७१ मध्ये त्यानं राइन्श या गणितज्ञाबरोबर मॅट्रिक्सच्या गणितांचे प्रोग्रॅम एकत्र छापले होते, त्यावरून आइसपॅक ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, झाली आणि पुढं लॅपॅक. आज आपल्याकडची पोरं पायथॉनमध्ये समीकरणं सोडवायची एक ओळ टाइप करतात तेव्हा आत लॅपॅकच चालतं, आणि प्रत्येक पायरीला सगळ्यात मोठा सहगुणक शोधून त्याची ओळ वर आणली जाते.