उपवासाचे पदार्थ (इंदूर)

व्रताच्या दिवशी खाण्यास मान्य असलेल्या जिनसांचा वर्ग. इंदूरच्या मराठी घरांत याला ‘उपासाचं’ म्हणतात, तिथल्या बाजारात ‘फरियाली’. साबुदाणा, वरई (माळव्यात मोरधन), राजगिरा, शिंगाडा, रताळे, बटाटा, शेंगदाणे आणि दूध हे सर्वमान्य.

वर्ग कसा ठरला, याविषयी दोन मते आहेत. एक मत नांगराचे. मनुस्मृती (६.१६) वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतले खाऊ नये असे सांगते, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाण्याची चाल याच विचारातली दिसते. दुसऱ्या मताचा आधार महाभारताच्या उद्योगपर्वातला श्लोक : पाणी, मूळ, फळ, दूध, हवि (यज्ञात अर्पायचे द्रव्य), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रत मोडत नाही. ‘फराळ’ हा शब्दही फलाहारावरूनच आला. वरई वनस्पतिशास्त्राने तृणधान्यच; तिला मिळालेली मान्यता रानधान्यावर जगणाऱ्या मुनींच्या आहाराकडे, म्हणजे पहिल्या मताकडे बोट दाखवते. बटाटा आणि साबुदाणा मात्र ‘मूळ’ म्हणूनच आत येऊ शकतात. साबुदाणा कसाव्याच्या कंदातल्या स्टार्चपासून करतात. कसावा, बटाटा, मिरची, भुईमूग ही चारही पिके मूळची अमेरिकेतली, म्हणजे १४९२ नंतरच इकडे आलेली. आजची यादी त्यामुळे फार प्राचीन नसावी. भुईमूग तर शेंगवर्गातला आणि नांगरटीच्या शेतातला. त्याचा उलगडा दोन्ही मतांनी होत नाही. जुना नियम आणि घरची वहिवाट यांत वहिवाटच बलवत्तर ठरली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरा मतभेद फोडणीत आहे. तूप, जिरे, हिरवी मिरची चालते. मोहरी, हळद, हिंग नाही. बाजारच्या बांधानी हिंगात पीठ मिसळलेले असते, हे कारण आज सांगतात, पण वर्ज्यता त्याहून जुनी असावी. कोथिंबिरीवर घरोघर वेगळा निवाडा. खिचडी परतताना सासूबाई ‘आमच्याकडे नाही चालत’ म्हणाल्या की सुनेच्या हातातली चिरलेली कोथिंबीर परत ताटलीत जाते. महादेवाच्या उपवासाला काही घरांत वरईही करत नाहीत.

मिठाचा भेद शेजारातून आला. माळव्यातल्या हिंदीभाषक घरांत उपवासाला सैंधवच; महाराष्ट्रात साधे मीठ सर्रास चालते. इंदुरात दोन्ही रीती दिसतात. तिथल्या सराफा बाजारात रात्री मिळणाऱ्या वाफेवरच्या साबुदाणा खिचडीवर फरियाली मिक्चर भुरभुरतात. घरच्या खिचडीत त्या जागी दाण्याचे कूट असते.