दुर्गादेवीचा दुष्काळ आणि बस्तरची गुहा

पाऊस लांबला की माण-खटावात, आटपाडी-जतकडे दुर्गादेवीच्या दुष्काळाची गोष्ट निघतेच. बहामनी राज्य, 1396 ते 1407; देवी कोपली, बारा वर्षं थेंब पडला नाही, गावंच्या गावं उठली. गावं उठली हे खरं. पण बारा वर्षं थेंबच नसता तर इथे बाभूळही उरली नसती. कोपाचं सोडा, पाऊस खरंच कमी होता का?

पर्जन्यमापक तेव्हा नव्हते, गुहा मात्र होत्या. आपल्याकडच्या नव्हेत, आपला कातळ बेसाल्टचा. चुनखडीची गुहा हवी. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, जगदलपूरजवळ, कांगेर खोऱ्यात अशी दंडक गुहा आहे. छतातून पाणी ठिबकतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना थराथरांनी साचत लवणस्तंभ उभा राहतो.

आता खरी गंमत. ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक 16 वजनाचे, हजारात साधारण दोन 18 वजनाचे. ढगातून जड ऑक्सिजनचं पाणी आधी गळतं, त्यामुळे ढग जितका बरसत येईल तितकी उरलेली वाफ हलकी होते आणि पुढचा पाऊसही हलका पडतो. म्हणजे जोरदार मान्सूनचं पाणी हलकं, रोडावलेल्या मान्सूनचं जड. तेच पाणी मुरून गुहेत ठिबकतं आणि ते प्रमाण चुन्याच्या थरात कायमचं अडकतं.

पण थर कोणत्या सालचा? युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम जवळपास नाही. म्हणून ताज्या थरात फक्त युरेनियम असतं. त्यातल्या युरेनियम-234 पासून हळूहळू थोरियम-230 तयार होतं; दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं. सहाशे वर्षांच्या थरात हे थोरियम अगदी नगण्य असतं. शिवाय पाण्याबरोबर माती आली तर तिच्यातलं थोरियमही येतं. ते वजा केलं नाही तर वय फुगतं.

दंडकच्या लवणस्तंभात इसवी सन 600 ते 1500 चा पाऊस नोंदलेला आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे मान्सून दीर्घकाळ कमजोर दिसतो. गुहा इथून शेकडो किलोमीटरवर, त्यामुळे माणातल्या दहिवडीचा अमक्या सालचा पाऊस ती सांगणार नाही. पण महाबळेश्वरला 5,000 मिलिमीटरच्या वर पडतो आणि माणात जेमतेम 500. असल्या पर्जन्यछायेत मान्सून थोडा जरी ढिला पडला तरी पीक जातं.

म्हणून ‘हवामानाने साम्राज्य बुडवलं’ असे मथळे मात्र नकोत. बहामनी राज्य त्यानंतरही ऐंशी-नव्वद वर्षं टिकलं. या भागात मात्र डोंगरी किल्ले स्थानिक सरदारांच्या हाती गेले आणि जवळपास तीस वर्षं वसूल नावालाच आला. 1429 मध्ये बहामनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खटाव आणि महादेव डोंगरातल्या टोळ्या मोडत वाईकडे सरकला. सोबत दादू नरसू काळे, मुलखाची घडी बसवायला. जुन्या शिवा सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मग दोन-तीन गावांचं एक करून नव्या शिवा आखल्या आणि कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे घोड्याच्या तोबऱ्यात मावेल एवढं धान्य.