‘रॉयल’ आणि ‘राजा’: एका घराण्याचे शब्द

‘रॉयल एंट्री’, ‘रॉयल एनफिल्ड’, लग्नाचा ‘रॉयल थाट’. हा शब्द आता मराठीत इतका मुरला आहे की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. पण त्याच्या मुळापर्यंत गेलो की भेटतो तो आपलाच ‘राजा’.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली. ‘रॉयल’ इंग्रजीत शिरला तो या फ्रेंचच्या वाटेने. त्याचा लॅटिन पूर्वज ‘रेगालिस’, म्हणजे राजाचा. तोच पुढे थेट लॅटिनमधूनही आला आणि ‘रीगल’ झाला. ‘किंग’ मात्र इंग्रजीचा जुना, घरचा शब्द. त्याचे नाते कुळ या अर्थाच्या ‘किन’शी आहे.

लॅटिनमध्ये राजाला ‘रेक्स’ म्हणत. परंपरेनुसार रोमनांनी इ. स. पू. ५०९ मध्ये शेवटच्या राजाला हाकलले, आणि त्यानंतर ही पदवी इतकी नकोशी झाली की सम्राटांनीही ती घेतली नाही. त्याऐवजी ‘सीझर’ हे नाव पदवी बनले. आपल्या ओळखीच्या ‘कैसर-ए-हिंद’मधला कैसर तोच.

रेक्स आणि संस्कृत ‘राजन्’ ही भावंडे आहेत, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. दोघांचा मूळ धातू सरळ नेणे, दिशा देणे या अर्थाचा. इंग्रजी ‘राइट’ आणि आपला ‘ऋजु’ही याच कुळातले. कालिदासाने रघुवंशात ‘राजा प्रकृतिरञ्जनात्’ म्हटले, प्रजेला सुखावतो म्हणून राजा. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती स्वीकारत नाही, पण मला ती फार प्रिय आहे. राजाकडून काय हवे, हे दोन्ही अर्थांनी मिळून सांगितले आहे.

या घराण्याच्या खुणा दूरवर आहेत. मांडवीकाठचा गोव्यातला रेईश मागूश किल्ला घ्या: पोर्तुगीज ‘रेईश’ म्हणजे राजे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ते तिघे. आखातातल्या मराठी माणसाच्या पगारातला ‘रियाल’ स्पॅनिश ‘रेआल’ म्हणजे शाही नाण्यावरून आला.

आणि रॉयल्टी? खाणींवर राजाचा हक्क असे. तो हक्क दुसऱ्याला दिला की त्याबद्दल राजाला पैसे मिळत. पुढे लेखकाच्या मानधनालाही तेच नाव पडले. खाणपट्ट्याच्या सरकारी कागदांत मराठीने तिला नाव दिले आहे ‘स्वामित्वधन’.