डोळ्यांची मर्यादा म्हणून २४ फ्रेम? तसं नाही

‘माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ पेक्षा जास्त चित्रं दिसत नाहीत, म्हणून सिनेमा २४ फ्रेमचा असतो,’ हे वाक्य अगदी शिकवण्यांमध्येही ऐकू येतं. ते चुकीचं आहे.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत, त्यामुळे वेग एकसारखा नसे. चित्राला ते चालून जाई, आवाजाला नाही. वेग जरा बदलला की सूर वरखाली होतो, आणि कान ते लगेच पकडतो. म्हणून १९२०च्या दशकात बोलपट आले तेव्हा वेग पक्का करावा लागला: मिनिटाला ९० फूट फिल्म. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे मिनिटाला १४४०, सेकंदाला २४. यात डोळ्याची मर्यादा कुठेच नाही!

उलट, सेकंदाला फक्त २४ वेळा प्रकाश पडला तर पडदा लुकलुकताना स्पष्ट दिसतो. म्हणूनच फिल्म प्रोजेक्टरचं शटर (प्रकाश अडवणारी फिरती पाती) प्रत्येक फ्रेम दोनदा, कधी तीनदा दाखवतं.

डिजिटल सिनेमाच्या मानकात ४८ फ्रेमचीही सोय आहे, आणि तो फरक प्रेक्षकांना जाणवतो. कुणाला आवडतो, कुणाला खटकतो, पण दिसतो.