मनी प्लांटच्या सुया आणि गुच्छातली लिली

घरात मांजर आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मनी प्लांट काढून टाका, विषारी आहे. सल्ला खोटा नाही. पण त्याच घरात वाढदिवसाला आलेला लिलीचा गुच्छ चार दिवस टेबलावर असतो आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मनी प्लांट चावलेलं मांजर बहुधा दिवसभरात सावरतं. लिलीचं पान चावलेल्या मांजराला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तर मूत्रपिंडं निकामी होऊन ते आठवड्याच्या आत दगावू शकतं.

आधी मनी प्लांट. तो, डिफेनबाखिया, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली ही सगळी अळवाच्या कुळातली. कच्च्या अळवाने किंवा अर्धवट शिजलेल्या सुरणाने घसा खवखवतो, त्याचं आणि या झाडांच्या त्रासाचं कारण एकच. या झाडांच्या पानांत आणि देठांत काही खास पेशी असतात. अशा एकेका पेशीत कॅल्शियम ऑक्झलेटच्या शेकडो सुया, म्हणजे रॅफाइड, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या शेजारी शेजारी रचलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती चिकट द्रव असतो. पान चावलं की पेशीचं टोक फुटतं, लाळेतलं पाणी आत शिरतं, द्रव फुगतो आणि सुया बाहेर फेकल्या जातात. त्या जिभेत, हिरड्यांत, टाळूत रुततात.

पण नुसत्या सुयांनी एवढी आग होत नाही. 2014 साली जपानी संशोधकांनी किवीफळातल्या अशाच सुया वेगळ्या काढल्या. सोबत प्रथिनं तोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, घेतलं. एरंडाच्या पानांवर हे लावून ती पानं एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना खायला दिली. एकट्या सुयांनी किंवा एकट्या विकराने अळ्यांचं फारसं बिघडलं नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या मेल्या. सुई भोक पाडते आणि त्या भोकातून विकर आतल्या उतींपर्यंत पोचतं. डिफेनबाखियातही प्रथिनं तोडणारी विकरं सापडली आहेत आणि त्याच्या सुयांना लांबीभर पन्हळ असते, म्हणून तो मनी प्लांटपेक्षा जास्त त्रास देतो.

या यंत्रणेमुळे लक्षणं लगेच दिसतात: लाळ गळणं, पंजाने तोंड घासणं, खाणं सोडणं. आग झाल्याने मांजर स्वतःच थांबतं, म्हणून पोटात फार जात नाही. ओल्या फडक्याने तोंड पुसा, पाणी द्या, हवं तर चमचाभर दही चाटवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कारण त्याच सुया परत घशातून वर येतात आणि मीठ स्वतःच घातक ठरतं. माणसाची पॅरासिटामॉल तर मुळीच नको. ती निकामी करणारं विकर मांजराच्या यकृतात पुरेसं नसतं. जीभ सुजून श्वासाला त्रास होऊ लागला, तर तडक डॉक्टरकडे न्या.

मनी प्लांट आग्नेय दिशेला ठेवल्याने पैसा येत नाही. मांजर असेल तर दिशेपेक्षा उंची महत्त्वाची, आणि लोंबणारा वेल कपाट-खिडकीपासून उडीभर लांब हवा. ‘हवा शुद्ध करणारी झाडं’ हा दावाही असाच फुगवलेला. नासाचा 1989 चा प्रयोग बंदिस्त पेटीतला होता. पुढच्या हिशेबांनुसार खोलीत तसा परिणाम हवा असेल, तर दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. त्या भरवशावर पीस लिली आणि स्नेक प्लांट आणणाऱ्यांनी मांजराचा विचार आधी करावा.

आता खरी लिली: गुच्छातली ओरिएंटल, एशियाटिक, ईस्टर. इथे सुया नाहीत, आग नाही, त्यामुळे मांजर थांबत नाही. विष पाण्यात विरघळतं. ते नेमकं कोणतं, हे अजून सापडलेलं नाही. पान, पाकळी, अंगावर पडलेले आणि चाटलेले पराग, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही पुरतं. काही तासांत उलट्या होतात, मग थांबतात. घात इथेच होतो. मांजर सावरलं असं वाटतं आणि तेवढ्यात मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरत असतात. पहिल्या 12 तासांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की वाढणारा घटक) नॉर्मल येऊ शकतं, त्या रिपोर्टवर विसंबून घरी परतू नका. एक ते तीन दिवसांत लघवी बंद होते. पहिल्या 18 तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू झालं आणि 48 ते 72 तास चाललं, तर बहुतेक मांजरं वाचतात. डॉक्टरकडे जाताना गुच्छाचा फोटो किंवा चावलेली फांदी पिशवीत घालून न्या. अंगावर पराग असतील तर आधी ओल्या कापडाने पुसून काढा, मांजराला ते चाटू देऊ नका.

कुंडीतला सायकस, म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, हाही घराबाहेरच बरा. त्याच्या बिया यकृत नासवतात.

मांजर गवत शोधणारच, तेव्हा ते आपणच द्यावं. मूठभर गहू रात्री भिजवा, पसरट कुंडीत बोटाच्या पेराएवढ्या मातीखाली पेरा. आठ-दहा दिवसांत वीतभर पातं येतं. मुळाशी बुरशी दिसली की कुंडी बदला, म्हणून दुसरी आठवडाभर मागे पेरून ठेवा. ज्वारी मात्र पेरू नका: तिच्या कोवळ्या पात्यातून सायनाइड सुटतं, गुरंही त्याने दगावतात.