टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीचा परवाना: आधी कागद, मग बंदूक

काही वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात माझ्या गॅरेजमध्ये सगळं येऊन पडलं होतं. बूट, कॅमोचे कपडे, दुर्बीण, झाडाला बांधायचं मचाण, सुरीचा संच. राहिली होती फक्त रायफल. दुकानात गेलो, काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला आणि मी व्हिसावर आहे हे कळल्यावर विचारलं, "हंटिंग लायसन्स?" म्हटलं, ते काढणारच आहे, हंगामाला अजून वेळ आहे. त्याने शांतपणे फॉर्म परत ओढून घेतला.

बरोबर होतं त्याचं. आपल्यापैकी बरेच जण हा सगळा क्रम उलटा करतात, आणि ज्यांचं ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी उलटा क्रम हा नुसता गोंधळ नसतो, गुन्हा असतो. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

व्हिसावर असाल तर

ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असाल तर हा भाग सोडून पुढे जा. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ यांपैकी कशावर असाल, तर अमेरिकेचा संघीय कायदा म्हणतो की तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. विकत घेणं दूरच, हातात घेणंही त्यात येतं. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याच्या बंदुकीने चार गोळ्या झाडल्या, तरी तांत्रिकदृष्ट्या तुम्ही कायदा मोडलेला असतो. शिक्षा १५ वर्षांपर्यंत कैद. शिवाय शस्त्रासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर तो देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतो. एवढी वर्षं प्रायॉरिटी डेटची, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आपल्या तारखेची, वाट बघून हे ओढवून घ्यायचं नसेल, तर पुढचं वाक्य नीट वाचा.

या बंदीला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा असा: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर बंदी लागू होत नाही. म्हणजे परवाना हा इथे नुसता हरीण मारायचा कागद नाही, तुमच्या हातातली बंदूक कायदेशीर ठरते तीच मुळी त्या कागदामुळे. दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना याच परवान्याची नोंद होते आणि आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा, क्रमांकही विचारतात. दोन्ही बरोबर ठेवा. पासपोर्टही राहू द्या.

धनुष्यबाण जवळ बाळगायला मात्र यातलं काही लागत नाही. संघीय कायद्याच्या लेखी धनुष्य हे फायरआर्म नाही. माझे एक-दोन मित्र एवढ्याचसाठी 'कंपाउंड बो' या धनुष्याकडे वळले आणि आता तिथेच रमलेत.

आधी हंटर एज्युकेशन

टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. म्हणजे बहुतेक सगळ्यांनाच. १७ वर्षं पूर्ण झाली असतील तर पूर्ण कोर्स ऑनलाइन करता येतो, प्रमाणपत्र लगेच छापून घेता येतं. ९ ते १६ वयाच्या मुलांना ऑनलाइन भागाबरोबर प्रत्यक्ष मैदानातला भागही करावा लागतो, किंवा मग पात्र मोठ्या माणसासोबतच जावं लागतं. नऊच्या खालच्यांना प्रमाणपत्र मिळत नाही, त्यांनी कायम मोठ्यांच्या सोबतीनेच जायचं.

मोठ्यांनीही जमल्यास वर्गात जाऊन कोर्स करावा, असं माझं मत. शुल्क फक्त १५ डॉलर आहे. ऑनलाइन प्रश्नांची उत्तरं कोणीही देईल, पण तारेचं कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून, नळी पलीकडे वळवून, आधी ती तारेखालून सरकवायची आणि मग आपण जायचं, हे एकदा हाताने केलं की अंगात भिनतं. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं आणि इतर राज्यांतही मान्य होतं. दुसऱ्या राज्यात काढलेलं असेल तर टेक्सासही ते मानतं.

अगदीच वेळ नसेल तर १७ च्या वरच्यांना आयुष्यात एकदा, एका परवाना-वर्षापुरती सवलत मिळते. शुल्क १० डॉलर. अट अशी की हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर परवानाधारक, कोर्स केलेला (किंवा वयामुळे त्यातून सूट असलेला) सज्ञान शिकारी असलाच पाहिजे.

परवाना

तो देतं टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट. खात्याच्या संकेतस्थळावर, फोनवर किंवा खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांत आणि वॉलमार्टसारख्या ठिकाणी काउंटरवर. रहिवाशाला साधा शिकारीचा परवाना २५ डॉलर, मासेमारीसकट हवा असेल तर सुपर कॉम्बो ६८ डॉलर. १७ च्या खालच्यांना ७ डॉलर. बाहेरच्या राज्यातल्याला सर्वसाधारण परवाना ३१५ डॉलर.

इथे बरेच जण फसतात. 'रहिवासी' म्हणजे अर्ज करण्याच्या आधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहिलेला माणूस. जूनमध्ये न्यू जर्सीहून प्लॅनोला आलात, ड्रायव्हिंग लायसन्स बदललं, घराचं लीज झालं, तरी ऑक्टोबरात तुम्ही या कायद्यापुरते रहिवासी नाही. पुराव्यासाठी वीज-पाण्याची मागची सहा बिलं, पगाराच्या सहा पावत्या, शेवटचं टॅक्स रिटर्न, गाडीचं रजिस्ट्रेशन असे कागद चालतात, त्यातले तीन लागतात. नागरिकत्वाचा इथे काही संबंध नाही. व्हिसावरचा माणूसही रहिवासी असू शकतो.

अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक, जन्मतारीख, पत्ता, उंची, वजन, केसांचा-डोळ्यांचा रंग एवढं विचारतात. फोटो नको, साक्षांकन नको, स्टॅम्प पेपर नको. तहसील कचेरीच्या फेऱ्या आठवणाऱ्याला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं.

हरणासाठी परवान्यासोबत कागदी टॅग येतात, मारलेल्या हरणाला बांधायचे. ऑनलाइन घेतलात तर ते टपालाने येणार, तेव्हा निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. घाई असेल तर सरळ दुकानात जा, पट्टी जागेवर छापून मिळते. काही प्रकारांत पूर्ण डिजिटल परवानाही आहे. त्यात कागदी टॅग नसतो, हरीण पडल्यावर लगेच खात्याच्या ॲपवर नोंद करून पुष्टी-क्रमांक घ्यावा लागतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे एकूण पाच टॅग मिळतात, पण तुमच्या काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) मर्यादा त्याहून कमी असू शकते. कित्येक काउंट्यांत नराच्या शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच भरलं तरच तो मारता येतो, किंवा मग निदान एक शिंग तरी फाटा नसलेलं हवं. कान टवकारून उभ्या असलेल्या हरणाच्या कानांशी तुलना करून हे अंतर ओळखायला शिका. कानांची टोकं जिथे येतात त्याच्या बाहेर शिंगं गेली असतील तर तो चालतो.

फक्त धनुष्यबाणाच्या हंगामात, म्हणजे ढोबळमानाने ऑक्टोबरात, शिकार करायची तर ७ डॉलरचं आर्चरी एंडोर्समेंट, म्हणजे धनुष्यबाणाची जोड-परवानगी, वेगळं. बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. उत्तर विभागात तो जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत, दक्षिण विभागात तिसऱ्या रविवारपर्यंत.

चितळाची गंमत

जे चितळ मेळघाटात नुसतं छेडलं तरी वनखातं दारात येईल, ते टेक्सासच्या हिल कंट्रीत 'ॲक्सिस डिअर' म्हणून कळपाने फिरतं. १९३०च्या दशकात ते इथे आणून सोडलं. काळवीट आहे, नीलगायही आहे. हे सगळे इथे परदेशी प्राणी, म्हणून त्यांना ठरलेला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, टॅग नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती मात्र लागतेच. बाहेरच्या राज्यातून आलेल्या पाहुण्याला यासाठी ४८ डॉलरचा पाच दिवसांचा परवाना पुरतो. तो पांढऱ्या शेपटीच्या हरणाला चालत नाही, ही चूक दर वर्षी कोणीतरी करतं.

जमीन आणि माग

टेक्सासची ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. संमतीशिवाय दुसऱ्याच्या रानात हरीण मारणं इथे गंभीर गुन्हा आहे. 'प्रवेश बंद'ची पाटी नसली तरी झाडाच्या किंवा खांबाच्या अंगावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तोच बंदीचा फलक समजायचा. कायद्यात त्याला तेवढाच अर्थ आहे. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, वनखात्याने तोडायची झाडं आखून ठेवलीत.

रँचवर लीज परवडत नसेल तर ४८ डॉलरचं वार्षिक सार्वजनिक शिकार परमिट घ्या. ह्यूस्टनवाल्यांना सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट त्यातच मिळतं. सोडतीने मिळणाऱ्या जागाही आहेत, पण नोव्हेंबरातल्या शिकारीच्या अर्जांची मुदत उन्हाळा सरतानाच संपायला लागते. सार्वजनिक जमिनीवर मका टाकून हरीण बोलावणं चालत नाही, खासगी रानात चालतं. आणि सार्वजनिक जमिनीवर भडक केशरी रंग अंगावर हवा: एकूण ४०० चौरस इंच, त्यात छातीवर आणि पाठीवर प्रत्येकी निदान १४४, शिवाय टोपी. नुसती केशरी टोपी घालून गेलेला माणूस गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, लांबूनच दिसतो.

जागा नक्की झाली की मग माग काढायला जायचं, आणि तेही हंगामाच्या महिनाभर आधी. पाणवठ्याच्या चिखलात खुरांचे ठसे बघा, ओकखाली पडलेली फळं खाल्लेली आहेत का बघा, बोटभर जाडीच्या झाडांची साल गुडघ्याच्या उंचीवर घासून निघालेली दिसते का बघा. नर तिथे शिंगं घासतो. लेंड्या ओल्या की वाळलेल्या, हे आजोळी शेळ्यांमागे फिरलेल्याला सांगायला नको. मचाण बांधायचं ते या वाटेच्या वाऱ्याखालच्या बाजूला, आणि चढण्यापासून उतरेपर्यंत सेफ्टी हार्नेस अंगावर हवाच. सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही वेळची वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. मी एकदाच बघून मचाण बांधलं आणि पहिल्याच संध्याकाळी तीन माद्या शंभर यार्डांवरून फुर्रकन नाक फुंकून निघून गेल्या.

त्या दिवशी खिशात काय

परवाना टॅगसकट, हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स. व्हिसावरच्यांनी आय-९४ ची प्रतही. रायफल सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणारी) हवी, पॉइंट टू-टू रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होणारी) हरणाला चालत नाही. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. आणि एक पेन, दोन झिप-टाय. हरीण पडलं की फोटोच्या आधी टॅग: महिना आणि तारीख सुरीने कापून काढायची, जागेचं नाव आणि काउंटी शाईने लिहायची, टॅग बांधायचा, मग परवान्याच्या मागची नोंद भरायची. सगळ्यांचे हात त्या वेळी थरथरत असतात, म्हणून पेन कुठल्या खिशात आहे ते आधीच पक्कं ठरवा. हरणांमधल्या सीडब्ल्यूडी या रोगामुळे मुंडकं आणि कणा यांचं काय करायचं याचे वेगळे नियम असू शकतात, ते निघण्याआधी बघा.

बंदूक घरी आणल्यावर कुलपात. १७ च्या खालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे.

वार्षिक परवाना कधीही काढलात तरी तो ३१ ऑगस्टला संपतो. ग्रीन कार्डवाल्याला त्याचं काही नाही, पुढच्या हंगामाआधी नवा काढला की झालं. व्हिसावरच्या माणसाच्या कपाटातली रायफल मात्र १ सप्टेंबरच्या सकाळी अपवादातून बाहेर पडते. नवे परवाने १५ ऑगस्टपासून विक्रीला येतात, त्यामुळे तारीख लक्षात ठेवणं आपल्याला सोपं आहे. सकाळी घरी व्हिडिओ कॉलवर झेंडावंदनाचे फोटो बघून झाले की मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवतो आणि नवा परवाना काढून टाकतो.